मामा पाण्यात उभे आहेत

आमच्या वसमत तालुक्यात दोन गोष्टी भरघोस पिकतात : एक हळद आणि दुसरी हट्टा गावच्या मामांची काळजी. हळदीला निदान बेणं लागतं, पाणी लागतं, शिजवायला जळण लागतं. मामांच्या काळजीला यातलं काहीच लागत नाही. आभाळ भरून आलं की ती उगवते आणि आभाळ निरभ्र असलं की दुप्पट उगवते. कारण ‘इतकं चांगलं होऊन राहिलं म्हणजे मागं कायतरी हाय’ असा मामांचा जन्माचा अनुभव आहे. हा अनुभव त्यांना नेमका कधी आला ते कोणालाच ठाऊक नाही. मामींना विचारलं तर म्हणतात, ‘आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, आन ह्ये अंतरपाटाच्या पलीकडून भटजीला सांगून राहिले होते की पाट डुगडुगतोय, पाचर मारा.’ एसटीत चढण्याआधी मामा ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहतात आणि अदबीनं विचारतात, ‘झोप झाली का भाऊ?’ एकदा एका ड्रायव्हरनं गंमत म्हणून मोठी जांभई दिली. मामांनी ती गाडी सोडली. मागून आलेलीही सोडली, कारण तिचा ड्रायव्हर फार तरतरीत दिसत होता, आणि ‘असे तरतरीत लोक लई जोरात हाणतेत’. शेवटी हळद घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर पोत्यांच्या मधोमध बसून ते वसमतला आले, आणि वाटभर ट्रॉलीची पिन निसटली नाही ना हे वाकून पाहत आले.

लग्नकार्यात तर मामांना पंगतीत बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. केव्हातरी म्हणे वावटळीनं एक मांडव उडाला होता. तेव्हापासून मामा लग्नाला गेले की आहेर देतात, सरळ जाऊन मांडवाचा एक खांब धरतात आणि वरात निघेपर्यंत सोडत नाहीत. हट्ट्याच्या पंचक्रोशीतले लग्नाचे अल्बम चाळून बघा. नवरानवरी बदलतात, खांब धरलेले मामा तेच. मी एकदा म्हटलं, ‘मामा, लोखंडी पाइप आहे, जमिनीत गाडलेला आहे. तुमच्या धरण्यानं काय होणार?’

‘काय न्हाई होनार,’ मामा म्हणाले. ‘पण धराया काय जातंय?’

हे मामा माझे कोणी नव्हेत. वसमतला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, सगळ्यांना मी एकाच भगभगीत पिवळ्या रंगावर छापतो आणि चुकाही सगळ्यांच्या सारख्याच करतो. एका जिवंत माणसाला मी वाढदिवसाच्या दिवशी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. तो अजून रस्त्यात भेटला की छातीवर हात ठेवून ‘आहे, आहे’ म्हणतो. मामा माझ्याकडे जुने फ्लेक्स न्यायला यायचे. कडब्यावर झाकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण मामा वाटेल तो फ्लेक्स नेत नसत. उलगडून, चेहरा पाहून विचारायचे, ‘ह्यो माणूस हयात हाय ना?’ मेलेल्या माणसाखाली ठेवलेला कडबा म्हशीनं खाल्ला तर दुधाला काय होईल, ही त्यांची शंका. मी सगळ्यांनाच हयात म्हणून सांगायचो. त्यातून आमची ओळख वाढली आणि त्या ओळखीतून माझ्या नशिबी ते पाणी आलं.

मामांचा भाचा गजू. मामांची बहीण दिलेली साखऱ्याला, तिकडे सेनगावच्या कोरडवाहू रानात. पोराचं शिक्षण व्हावं म्हणून तिनं त्याला हट्ट्याला भावाकडे ठेवलं. ठेवताना ती सहज म्हणाली असेल, ‘दादा, सांभाळ.’ आता ‘सांभाळ’ हा शब्द मामांपाशी बोलताना जपून वापरायला हवा. मामांनी गजूला शेजारणीकडून आणलेल्या भांड्यासारखा सांभाळला. ‘दुसऱ्याचं भांडं हाय. पोचा न पडता परत द्यावं लागंल.’ गजू झाडावर चढला की मामा खाली चादर धरून उभे. आणि अशा माणसाच्या भाच्यानं पळण्याच्या शंभर शर्यतींतून निवडून काय घ्यावं, तर स्टीपलचेस.

वसमतच्या कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी मामांना ही शर्यत समजावून सांगितली तेव्हा मी तिथं होतो. मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत आडव्या लाकडी फळ्या ठेवलेल्या असतात, त्या ओलांडायच्या. आणि प्रत्येक पूर्ण फेरीत एका फळीच्या पलीकडे पाण्यानं भरलेला खड्डा. फळीवर पाय देऊन तो पार करायचा. असं सात वेळा पाणी.

मामांनी बोटांवर सातपर्यंत मोजून पाहिलं. मग म्हणाले, ‘सर, चांगला सपाट रस्ता असताना मधी लाकूड काहून ठेवतेत?’

‘शर्यतच तशी आहे मामा.’

‘बरं, ठेवलं लाकूड. त्याच्या म्होरं पाणी काहून भरतेत?’

सर म्हणाले, ‘त्यात गंमत आहे.’

‘कोणाला?’ मामांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर पुढच्याच हिवाळ्यात आलं, ते प्लास्टर होऊन. विद्यापीठांच्या स्पर्धेत दूर कुठल्याशा शहरात गजू शेवटच्या पाण्यात घसरला आणि घोटा मोडून घेतला. मामा त्याला साखऱ्याला आईला दाखवायला घेऊन गेले. पण घरात गेले नाहीत. पोराला दारात सोडून स्वतः गल्लीच्या तोंडाशी दगडावर बसून राहिले. बहीण पाणी घेऊन बाहेर आली तर म्हणाले, ‘भांड्याला पोचा आला गं बाई. माह्याच हातानं.’ बहीण हसली, म्हणाली, ‘पोरं पडतेतच दादा.’ पण मामांनी ते हसणं मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला त्यांच्याकडे प्लास्टर होतं.

हाड जुळलं. धीर मात्र जुळल्यासारखा वाटेना. गजू पळायचा, फळ्या ओलांडायचा. पाणी आलं की पाय अडायचा. कॉलेजात पाण्याचा खड्डा नव्हता. सर म्हणाले, सराव कुठंतरी केला पाहिजे, नाहीतर पोरगं यातून उठायचं नाही. गजू घरात बोलेनासा झाला. आणि मग, ज्या माणसानं ही शर्यत काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तोच माणूस सकाळी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, ‘माह्या रानात खड्डा खंदून द्या. कसा असतो ते तुमाला म्हाईत असंल.’

मला माहीत नव्हतं. पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी आजवर कोणासाठी छापलेलं नाही, मग बोलणार कुठून? मी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली, तीही दुकानात गिऱ्हाईक असताना, आणि खड्डा एका बाजूनं खोल, दुसऱ्या बाजूनं उताराचा असतो एवढं लक्षात ठेवलं. कोणती बाजू कोणती, हे लक्षात ठेवायचं राहून गेलं. रानात गेल्यावर मी फावडं टेकवून विचारात पडलो तर मामा म्हणाले, ‘त्याच्यात इचार कसला? म्हैस जिकडून उतरती तिकडून उतार.’ हे मला पटलं. म्हशी असलेल्या कोणालाही पटलं असतं. जन्मभर आम्ही डबकी पाहिली ती तशीच. फळीकडून उतार आणि पलीकडच्या टोकाला कमरेइतकं खोल असा झकास खड्डा आम्ही काढला. काळी माती ढासळू नये म्हणून आत माझे जुने फ्लेक्स अंथरले. पाणी भरल्यावर तळाशी तालुक्यातले सगळे इच्छुक उमेदवार हात जोडून हसत होते. मामा उतरताना चपला काढायचे. म्हणायचे, ‘कोणाच्या तोंडावर पाय पडंल आन उद्या तोच निवडून यील.’

काही दिवसांनी सर बघायला आले. खड्ड्याभोवती दोनदा फिरले, आणि मग बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खरा खड्डा नेमका उलटा असतो. फळीच्या पायथ्याशी खोल आणि पुढे चढ. म्हणजे जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी. आमच्याकडे जितकी लांब उडी, तितकं जास्त पाणी. थोडक्यात पडणाऱ्याला थेट बुडायची सोय आम्ही केली होती. ‘हे कुणी सुचवलं?’ सरांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं.

बुजवून पुन्हा खोदावा तर तोवर म्हशींनी खड्ड्याचा ताबा घेतला होता आणि त्या काही केल्या सोडेनात. मग सर म्हणाले, राहू द्या, याच्यावरून पोरगं उडालं तर कुठलंही पाणी उडेल. पण गजू फळीवर पाय ठेवायचा, समोरचं खोल काळं पाणी बघायचा आणि खाली उतरायचा. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मामांनी धोतराचा काचा मारला आणि स्वतः पाण्यात उतरले.

इथं सांगायला हवं की मामांना पोहता येत नाही. ते पाण्याला इतके भितात की आंघोळीला बसताना बादलीसुद्धा हाताच्या अंतरावर ठेवतात. तो माणूस खड्ड्याच्या पार खोल टोकाला, डाव्या कोपऱ्यात, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, ‘मार उडी. चुकला तर मी धरतो.’ डावा कोपरा अशासाठी, की त्या बाजूला बाभळीखाली खुंटा होता, आणि मामांनी कमरेला म्हशीचं दावं बांधलं होतं. दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला बांधायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी मी बोलण्याच्या नादात ते खुंट्याऐवजी म्हशीलाच बांधलं. दुपारची वेळ, म्हशीला पेंडीचा वास आला, आणि ती निघाली. मामा पाण्यातून बाहेर आले, बांध चढले आणि निम्म्या रानापर्यंत गेले, तेही पाठमोरे. तशा अवस्थेतही ते ओरडत होते ते असं : ‘गज्या, तू थांब! मी यीपर्यंत उडी मारू नको!’

पुढचे कितीतरी महिने रोज सकाळी हाच देखावा. मामा पाण्यात डाव्या कोपऱ्यात, हात पसरून. गजू फळीवर चढणार, आणि मामांच्या डोक्यात पाय बसू नये म्हणून फळीच्या पार उजव्या टोकावरून उडी घेणार. हळूहळू तो पलीकडे कोरडा उतरायला लागला. मामांना त्याला धरायची वेळ एकदाही आली नाही. मी म्हटलं, ‘आता बाहेर या की, उडतंय की पोरगं.’ मामा म्हणाले, ‘उडतंय म्हणून तर भ्याव वाटतंय.’

आणि मग गजूची निवड झाली. जगभरच्या विद्यापीठांतली पोरं जिथं पळायला येतात, त्या परदेशातल्या स्पर्धेसाठी. हट्ट्यात पेढे वाटले गेले. मी भारावून, कोणी न सांगता, पदरमोड करून, चौकात लावायला मोठा फ्लेक्स छापला. गजूचा चांगला फोटो हाताशी नव्हता म्हणून त्याच्या नावामागे मोबाइलवर सापडलेलं स्टीपलचेसचं एक फार जिवंत चित्र टाकलं. पाण्याचे नुसते फवारे उडालेले. घाईत मी फवारेच पाहिले. फवाऱ्यांच्या मध्यभागी एक माणूस डोकं खाली, पाय वर असा पाण्यात शिरत होता, तो मी पाहिला नाही. तो मामांनी पाहिला. एसटीतून. मामा चालत्या गाडीतून उतरले नाहीत, कारण ते धोक्याचं. पण पुढच्या थांब्यावर उतरून धावत मागे आले आणि मला फोन केला.

‘ह्यो उलटा काहून हाय?’

‘मामा, तो... सूर मारून राहिलाय.’

‘शर्यतीत?’

मी फोन ठेवून दिला. मामांनी तो फ्लेक्स स्वतः काढला, घडी घातली, चित्राची बाजू आत करून गोठ्यात कुट्टीच्या ढिगाखाली दाबून टाकला. त्या दिवसापासून गजू निघेपर्यंत मामा जेवले की नाही ते मामींनाच माहीत. निघताना त्यांनी भाच्याला ज्या सूचना दिल्या त्यांत विमानात मधल्या जागेवर बसणं, खिडकीजवळ वारं लागतं, परदेशातलं पाणी पिण्याआधी बघून घेणं, आणि हळदीची एक पुडी कायम कमरेला असू देणं, एवढं मला आठवतं. शर्यतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा फाटकापर्यंत गेले आणि गजूच्या उजव्या घोट्याकडे पाहून म्हणाले, ‘न्हाई जमलं तर बाजूनं ये. कोणी काय म्हणत न्हाई.’

गजू म्हणाला, ‘बाजूनं आलं की बाद करतेत मामा.’

‘करू दे बाद. बाद झालेलं लेकरू घरी तर येतं.’

फायनलला कोण जाणार ते ठरवणारी शर्यत तिकडच्या सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी होती. मामांच्या रानात मोबाइलला रेंज फक्त त्या बाभळीखाली, खड्ड्याच्या काठावर. मी दुधाच्या कॅनला मोबाइल टेकवून बसलो. मामी पदर तोंडात धरून मागे. मामा कांजी केलेलं पांढरं धोतर आणि नवा सदरा घालून आले, जसे कोणाच्या लग्नाला निघाले. पण बघायला तयार नाहीत. मोबाइलकडे पाठ करून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ‘तुमी बघा आन सांगा. मला पळनं सांगू नका. पाणी आलं की तेवढं सांगा.’

गोळी सुटली. परदेशी पोरांच्या घोळक्यात गजू मला आधी सापडेचना. ती सगळी आमच्या तालुक्याहून उंच होती. मग दिसला, मागच्या रांगेत, निळ्या बनियनमध्ये, आणि पहिलं पाणी आलंच.

‘निघाला?’ म्हशीकडे तोंड करून मामांनी विचारलं.

‘निघाला.’

‘पाय?’

‘पाय बराबर हाय.’

मामांचा श्वास मला ऐकू आला. तो त्यांनी सोडला तो पुढची फेरी येईपर्यंत परत घेतला नसावा. दुसरं पाणी. ‘निघाला?’ ‘निघाला.’ तिसरं. म्हशीची पाठ मामा इतकी जोरानं चोळत होते की ती मान वळवून पाहायला लागली. आणि तिसऱ्या की चौथ्या पाण्याला माझ्या काहीतरी लक्षात आलं. सगळी पोरं फळीवर मधोमध पाय देत होती, जवळची वाट पकडायला डावीकडे दाटी करत होती. आमचा गजू एकटा, दर वेळी, पाणी आलं की घोळक्यातून बाहेर सरकायचा, लांबची वाट घ्यायचा आणि फळीच्या पार उजव्या टोकावरून उडायचा. स्पर्धेचं वर्णन करणारा गोरा माणूस त्याच्याबद्दल काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही, पण त्याच्या आवाजात नवल होतं. दर फेरीला त्या सरकण्यात गजू दोन-तीन पावलं गमावत होता, फळीनंतर ती भरून काढत होता, आणि पुढच्या पाण्याला पुन्हा गमावत होता. खड्ड्याचा डावा कोपरा तो मोकळा सोडत होता. तिथं कोणीतरी उभं आहे असं समजून.

हे मामांना सांगावं की नाही कळेना, आणि तेवढ्यात ‘निघाला?’ असं विचारून झालं होतं.

‘निघाला,’ मी म्हटलं.

शेवटची फेरी. पोरं आता दमली होती, चेहरे ओढलेले. गजू पुढच्या घोळक्याला चिकटून होता, अगदी चिकटून, एखाद्या जागेनं फायनल हुकावी किंवा मिळावी असा. शेवटचं पाणी. मागच्या खेपेला घोटा मोडला तो याच पाण्यात. गजू सरकला, उजवीकडे आला, फळीवर पाय ठेवला, आणि मोबाइलवरचं चित्र थांबलं.

थांबलं म्हणजे गोठलंच. मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. गजूचा एक पाय फळीवर, दुसरा हवेत, तोंड वाकडं, तोल पुढे गेलेला. तो उडणार होता की पडणार होता, त्या चित्रातून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

‘निघाला?’ मामांनी विचारलं.

मी फ्लेक्सवाला माणूस. निवड व्हायच्या आधी निवडीचं अभिनंदन छापतो, न केलेल्या कामाचे आभार छापतो. न घडलेलं घडलं म्हणून सांगण्यावर माझं पोट चालतं. पण त्या घडीला ‘निघाला’ एवढा एक शब्द माझ्या तोंडातून निघेना.

‘काहून बोलत न्हाई?’ मामींचा आवाज चिरका झाला. ‘अवो, सांगा ना!’

मामा वळले. पहिल्यांदाच मोबाइलपाशी आले, वाकले. फळीवर अडकलेलं पोरगं त्यांनी पाहिलं. मग त्यांची नजर त्याच्या डाव्या हाताला गेली, त्या मोकळ्या पाण्याकडे. त्यांनी काही विचारलं नाही. सरळ झाले, चपला काढल्या, आणि नव्या सदऱ्यानिशी, कांजीच्या धोतरानिशी खड्ड्यात उतरले.

‘अवो, धोतर!’ मामी म्हणाल्या.

‘मामा, दावं!’ मी ओरडलो. दावं खुंट्यालाच होतं. जन्मात पहिल्यांदा मामा दावं न बांधता कमरेइतक्या पाण्यात गेले, डाव्या कोपऱ्यात उभे राहिले, आणि रिकाम्या फळीकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव नव्हतं ते. ‘मार,’ म्हणत होते. ‘मार. मी हाय.’

किती वेळ गेला कोण जाणे. बाभळीवरचा कावळा उडून गेला एवढं आठवतं. मग चित्र एकदम हललं, आणि गजू सरळ रेषेवर पळत होता. एका बाजूनं भिजलेला, गुडघ्याला चिखल नाही, रक्त नाही, दोन्ही पाय आपापल्या जागी. पळत होता.

‘निघाला!’ मी किंचाळलो. ‘मामा, निघाला! पळून राहिलाय!’

‘पाय?’

‘दोन्ही हायेत!’

मामांनी हात खाली घेतले नाहीत. शर्यत पुरी संपून, पोरं जमिनीवर आडवी होऊन, गजू उठून उभा राहिल्याचं मी दोनदा सांगेपर्यंत ते तसेच होते. फायनलला जाणाऱ्यांच्या मागोमागचा पहिला होता तो. मी जरा आवाज पाडून सांगितलं, ‘फायनल हुकली मामा. थोडक्यात.’

‘म्हंजे आता पुन्हा पळायचं न्हाई?’

‘न्हाई.’

‘मंग बराबर झालं,’ मामा म्हणाले, आणि बाहेर निघायला लागले. पण आमच्या खड्ड्याला त्या बाजूनं चढच नाही. तेव्हा त्यांना अख्ख्या पाण्यातून, सगळ्या उमेदवारांना तुडवत, म्हशीच्या वाटेनं फिरून यावं लागलं. मी हात दिला. म्हटलं, ‘मामा, तुमच्या उभं राहण्यानं तिकडं काय होणार होतं?’

‘काय न्हाई,’ मामा म्हणाले. दात वाजत होते. ‘पण उभं राहाया काय जातंय?’

संध्याकाळी गजूचा फोन आला. फायनलसाठी जरा रडला. मग सांगायला लागला, की शेवटच्या उडीला पायात जोर राहिला नव्हता, पलीकडं कोरडं उतरता आलं नाही, आणि नेमका पलीकडच्या टोकाला, आपल्या खड्ड्यात जिथं खोल आहे तिथं, पाय पडला. ‘मला वाटलं मामा, आता बुडालो. डोळे मिटले मी. तर पाय टेकला! घोट्याएवढंच पाणी होतं तिथं.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या चुकीमुळे पोरानं खड्ड्याच्या भलत्याच टोकाची धास्ती घेतली होती, आणि परदेशातल्या लोकांनी ते टोक उथळ ठेवून माझी लाज राखली होती. आयुष्यात माझी एखादी चूक इतकी कामाला आली नव्हती. तिचा फ्लेक्स काढावा असं मनात आलं, पण मामांच्या चेहऱ्याकडे पाहून राहू दिलं.

गजू परत आल्यावर मामा त्याला घेऊन साखऱ्याला गेले. या वेळी घरात गेले. छातीवर देशाचं नाव असलेलं जर्किन घालून गजू आईपुढे उभा राहिला. मामा म्हणाले, ‘घे बाई तुहं भांडं. बघून घे.’ बहिणीनं लेकाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘ह्ये तर भरून आणलं. पण दादा, तू काहून इतका वाळला?’ जेवताना गजूनं सांगितलं की तिथल्या प्रशिक्षकानं त्याला विचारलं होतं, तू दर वेळी कडेनं का जातोस? ‘मला इंग्रजीत सांगता येईना. आन मराठीत तरी काय सांगू? तिथं मामाची जागा हाय म्हणून?’ मामांनी भाकरीवर मान वाकवली ती हात धुवेपर्यंत वर केली नाही.

गजू आता लांबच्या शहरात शिबिरात असतो. सणावाराला येतो, तोही घाईत. खड्डा पूर्णपणे म्हशींचा झाला आहे. मामा अजून लग्नात खांब धरतात, अजून ड्रायव्हरची झोप विचारतात. परवा गजूची देशातच कुठंशी शर्यत होती. मी मोबाइल घेऊन हट्ट्याला गेलो. मामा आता समोर बसून बघतात. बाभळीखाली खाट टाकली होती, तिच्यावर आम्ही दोघं. पहिलं पाणी आलं. गजू घोळक्यातून सरकला नाही. फळीच्या मधोमध पाय दिला आणि सरळ, डावी-उजवी न बघता निघून गेला. दुसऱ्या पाण्यालाही तसाच. कोणीतरी त्याला शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं; आता तो पुष्कळ पुढे होता.

मामा मोबाइलवर आणखी वाकले. मग म्हणाले, ‘मधून जाऊन राहिला.’

‘व्हय मामा.’

‘बराबर हाय. कडेनं लांब पडतं.’

आणि तिसरं पाणी आलं तेव्हा, गजू फळीवर चढला तेव्हा, मामा खाटेवर डावीकडे जरा सरकून बसले. माझ्यासाठी नव्हे. मला भरपूर जागा होती.